आत्याबाईचे उलटे आटे

आमच्या गॅरेजमध्ये शिरण्यापूर्वी कमरेचा पट्टा काढून खुंटीला अडकवावा लागतो. बोटातली अंगठी, मनगटातलं घड्याळ, मागच्या खिशातल्या किल्ल्या, सगळं बाहेर. पाहुणा अमेरिकन असला तर त्याला वाटतं विमानतळावरची झडती चालू आहे. मराठी असला तर तो आपण होऊन चपलाही काढतो. पट्ट्याचं बक्कल घासलं तर रंगावर ओरखडा उठतो, आणि आत 1964 सालची मोरपंखी रंगाची प्लिमथ व्हॅलियंट उभी आहे.

नारायण पेठेतल्या वाड्यात माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. आम्ही पोरं वाटेत आलो की "शिवू नकोस रे मेल्या" हे ठरलेलं. त्या सगळ्याला यथेच्छ हसून, इंजिनिअर होऊन मी विमानात बसलो आणि मिशिगनला, डेट्रॉइटच्या उपनगरात येऊन पडलो. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी माझी स्थिती अशी आहे की धुऊन वाळवलेल्या मऊ सुती फडक्याशिवाय मी गाडीला हात लावत नाही. ते फडकं जमिनीवर पडलं की बाद. त्यात वाळूचा कण अडकला असला तर? शेजारचा सहा वर्षांचा मुलगा आइस्क्रीम घेऊन जवळ आला की मी "डोन्ट टच" असं इंग्रजीतच म्हणतो, पण सूर थेट आजीचा लागतो. पोरगं दोन पावलं मागं सरतं. आम्हीही सरायचो.

पोटापाण्यासाठी मी गाड्यांच्याच धंद्यात आहे. नव्या गाड्या चालवणाऱ्याशी जे बोलत असतात (पट्टा लावा, रेघ ओलांडलीत, दमलेले दिसता, कॉफी घ्या) त्यातली काही बडबड माझ्या हाताखालून जाते. दिवसभर गाड्यांना बोलायला शिकवायचं आणि संध्याकाळी जन्मात कोणाला काही न सांगणाऱ्या गाडीपाशी येऊन बसायचं, असा माझा दिनक्रम. हिच्यात तेलाचा दाब गेला तर एक लाल दिवा लागतो. तो लागेपर्यंत दिवसकार्याची तयारी करायची वेळ आलेली असते.

व्हॅलियंट म्हणजे शूरवीर. पण घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या हिने तिला आत्याबाई म्हटलं, आणि बारसं तिथंच उरकलं. मोरपंखी अंग, कडेने चांदीच्या काठासारखी क्रोमची पट्टी, मानपान कडक, कशावरून रुसेल याचा नेम नाही, आणि वय विचारायची सोय नाही कारण ते नंबरप्लेटवरच लिहिलंय. आत्याबाई तशा त्यांच्या काळातल्या सुधारक. डायनॅमो टाकून सरसकट ऑल्टरनेटर बसवला तो 1960 च्या पहिल्या व्हॅलियंटमध्ये. इंजिन सहा सिलिंडरचं, 225 घन इंचांचं, म्हणजे आपल्या हिशेबात पावणेचार लिटरला थोडं कमी. ते सरळ उभं नसून उजवीकडे तीस अंशांत कललेलं आहे. बॉनेट उघडलं की लोडाला रेलून पान लावत बसलेला इनामदार दिसतो.

माहेर मात्र उरलेलं नाही. प्लिमथ हे नावच 2001 मध्ये बंद झालं. हॅमट्रॅमॅक गावच्या ज्या कारखान्यात ती जन्मली तो 1980 मध्ये बंद पडला आणि मग पाडला. त्या जागी जनरल मोटर्सचा कारखाना आला, तिथं आता विजेवर चालणाऱ्या गाड्या बनतात. गावात पूर्वी पोलंडहून आलेले कामगार राहत, आता बांगलादेशी आणि येमेनी कुटुंबं आहेत. एकदा मी आत्याबाईंना माहेर दाखवायला घेऊन गेलो. त्या कुंपणापाशी मुकाट उभ्या राहिल्या. ओटी भरायला काहीतरी हवं म्हणून मी बंगाली दुकानातून संदेश घेतले. ते घरापर्यंत पोचले नाहीत, त्याला मात्र आत्याबाई जबाबदार नाहीत.

गाडी मी 2012 च्या वसंतात विकत घेतली असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर मला पसंत करण्यात आलं. मूळ मालक त्याच कारखान्यातला कारागीर, वारून दोन वर्षं झालेली. त्याच्या बायकोने मला समोर बसवलं, कॉफी दिली, लिंबाचा केक दिला आणि प्रश्न सुरू केले. गॅरेज बंदिस्त आहे ना? मांजर आहे? मुलं केवढी? आणि हे इंजिन काढून आठ सिलिंडरचं बसवायचा विचार नाही ना? कांदेपोहे नव्हते एवढंच, बाकी कार्यक्रम तोच. माझ्याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. त्यातल्या एकाने दारांवर ज्वाळा रंगवायचा मनोदय बोलून दाखवला होता, त्याला केकही मिळाला नाही.

मला होकार मिळाला, आणि गाडीबरोबर बुटांचं एक खोकं मिळालं. त्यात 1964 पासूनच्या पावत्या आणि एक वही. वहीत पेन्सिलीने, बारीक अक्षरात, तारीख, मैल, तेल किती घातलं, काय बदललं. 1969 च्या जुलैतली नोंद अशी आहे: तेल बदललं, फिल्टर बदलला, माणूस चंद्रावर. चंद्र तिसरा. पहिल्या पानावर फक्त एक ओळ होती, दोनदा अधोरेखित केलेली. मराठीत सांगायचं तर, डावं ते डावंच. गृहस्थ युनियनचा होता, तेव्हा हे त्याचं राजकारण असणार असं समजून मी आदराने पान उलटलं.

निघताना बाईंनी डॅशबोर्डचा खण उघडून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला चिनीमातीचा एक तुकडा दाखवला. बोटाएवढा, पांढरा, दोन्ही टोकांना पत्र्याच्या जिभा. "हे काय आहे मला माहीत नाही, पण हे खणात असेपर्यंत काही होत नाही असं तो म्हणायचा." मी तो ताईत होता तिथं ठेवला.

चालवण्याविषयी थोडं. आधी ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा. दोनदाच. तिसऱ्यांदा दाबला की कार्बोरेटर तुडुंब भरतो आणि मग वीस मिनिटं पेट्रोलच्या वासात बसून नामस्मरण करायचं. स्टिअरिंगला कसली मदत नाही. जागच्या जागी वळवताना हातात जातं आहे असं वाटतं आणि ओव्या सुचायला लागतात. ब्रेक दाबला की आत्याबाई आधी म्हणणं ऐकून घेतात, मग विचार करतात, मग थांबतात. त्यामुळे पुढच्या गाडीत आणि माझ्यात मी एक ट्रक मावेल एवढी जागा सोडतो. तिथं ट्रक येतोच. गिअरचा दांडा शोधू नका, नाही. स्टिअरिंगच्या डावीकडे पाच बटणं आहेत: मागे, मोकळं, पुढे, दोन आणि एक. शेजारी पार्किंगचा छोटा खटका. कंपनीने 1964 नंतर ही बटणं बंद केली, म्हणजे हा शेवटचा हंगाम. दिवे वरखाली करायचं बटण डाव्या पायाखाली. एकूण काय, पेटी वाजवणाऱ्याला ही गाडी लवकर जमेल.

पेट्रोलपंपावर पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागतो. पाइप लावला की कोणीतरी पोटावरून हात फिरवत येतो आणि म्हणतो, माझ्या वडिलांची अशीच होती. नंतरची गोष्टही तीच: मग ती त्यांनी विकली, किरकोळीत विकली, आई रडली. ऐकताना मला सारखं ओळखीचं काही वाटायचं आणि नेमकं आठवायचं नाही. मग एकदा पुण्याला गेलो असताना एका पाहुण्याने कोकणातल्या घराबद्दल सांगितलं. केवढी पडवी, केवढं माजघर, मागे पोफळी, आणि काकांनी किरकोळीत विकलं. तेच डोळे. तेव्हापासून पंपावर मी घाई करत नाही. माणसाला पडवीत दोन मिनिटं बसू द्यावं.

आत्याबाईंचा वैद्य ऐंशीच्या घरातला निवृत्त मिस्तरी आहे. तो संगणक लावत नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून डोळे मिटतो, अगदी आपल्याकडचे मिस्तरी ऐकतात तसा. दर वर्षी तो टॅपेट सेट करतो, आणि तेही इंजिन चालू, गरमागरम असताना. बारा व्हॉल्व्ह टकटकत असतात, गरम तेलाचे शिंतोडे मनगटावर उडत असतात, आणि हा हलत्या रॉकरखाली फिलर गेजची पट्टी सरकवतो. इनलेटला इंचाचे दहा सहस्रांश, एक्झॉस्टला वीस. पट्टी सुळकन जाता कामा नये आणि अडकताही कामा नये. कोऱ्या वहीच्या मिटल्या पानांतून पिंपळपान ओढून काढावं एवढीच ओढ हवी. ती ओढ बोटांना कळेपर्यंत त्याने मला तीन वर्षं पट्टी धरू दिली नाही. मी नुसता दिवा धरायचो. माझ्या पदव्या त्याला ठाऊक होत्या.

आवाज पूर्ण बंद करू नये, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. टकटकतोय तोवर व्हॉल्व्ह सुखात आहे. गप्प झाला की जळायला लागला समजावं. ही दारात उभी होती. नंतर चार दिवस ती घरात मुद्दाम भांडी वाजवत होती.

आता ताइताची गोष्ट. मित्राच्या मुलीचं लग्न होतं, नवरदेव ओहायोचा. मिशिगनच्या मुलीने ओहायोचा मुलगा केला हाच इथं मोठा आंतरजातीय विवाह, त्यामुळे वरात जोरात काढायची ठरली. गाडी अर्थात आत्याबाई. मी झेंडूच्या माळांना परवानगी दिली, पण चिकटपट्टीला नाही. माळा दोऱ्याने बांधल्या आणि दोऱ्याखाली फ्लॅनेल घातलं. माझ्या डोक्याला फेटा. हॉटेलच्या कमानीतून दारापर्यंत दोनशे पावलांचं अंतर, पुढे हौशी मंडळींचं ढोलपथक. किल्ली फिरवली, इंजिन लागलं, किल्ली सोडली, बंद. पुन्हा फिरवली, लागलं, सोडली, बंद. हात आहे तोवर चालू, हात सोडला की बंद. इतका भावपूर्ण बिघाड मी आयुष्यात पाहिलेला नाही. ढोलवाल्यांना वाटलं ही ठरवून केलेली गंमत आहे. इंजिन लागलं की ते ठेका चढवायचे, बंद पडलं की थांबायचे, आणि वऱ्हाडी "वन्स मोअर" ओरडायचे. नवरदेवही खूश. माझ्या फेट्यातून घाम डोळ्यांत उतरत होता.

वैद्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "खणात फ्लॅनेल आहे?" तो ताईत म्हणजे बॅलास्ट रेझिस्टर. इंजिन सुरू करताना इग्निशन कॉइलला थेट वीज जाते, सुरू झाल्यावर किल्ली सोडली की ती या तुकड्यातून कमी होऊन जाते. तुकडा आतून तुटला की सुरू व्हायचं आणि मरायचं. क्रायस्लरच्या जुन्या गाड्या बाळगणारा प्रत्येक शहाणा माणूस एक जादा खणात ठेवतो. एक स्क्रू, दोन तारा. मी फेट्यासकट बॉनेटखाली वाकलो आणि तीन मिनिटांत सरळ झालो. फेट्याचं टोक काळं झालं. ते मित्राच्या अल्बममध्ये कायमचं आहे.

रिसेप्शन संपल्यावर गाडी आणून द्यायला हॉटेलचा पोरगा किल्ली घेऊन गेला, आणि पाच मिनिटांनी किल्ली घेऊनच परत आला. "सर, गाडी छान आहे. पण गिअर कोणी काढून नेलाय." चोरीची भीती मी तेव्हापासून सोडून दिली.

आत्याबाईंना चातुर्मास असतो, फक्त तो नोव्हेंबरात बसतो आणि एप्रिलमध्ये उठतो. कारण मीठ. डेट्रॉइट शहराच्या पोटात, जमिनीखाली साडेतीनशे मीटरांवर, मिठाची प्रचंड खाण आहे. बर्फ वितळावा म्हणून थंडीत रस्त्यांवर मीठ फेकतात. ते मीठ गाड्यांचे पत्रे खातं, आणि मग लोकांना याच शहराच्या नव्या गाड्या घ्याव्या लागतात. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपल्याकडे म्हणतात. इथं मीठच खाल्ल्या गाडीला जागतं. पहिलं मीठ पडायच्या आत आत्याबाईंना झोपवायचं. टाकीत पेट्रोल टिकायचं औषध, बॅटरीला सलाईनसारखा लावलेला बारका चार्जर, चाकं अधांतरी, एक्झॉस्टच्या तोंडात तारेचा बोळा. हा बोळा उंदरांसाठी. एका वर्षी विसरलो, तर वसंतात एअर फिल्टरच्या डब्यात संसार निघाला: मागच्या सीटमधला कापूस, माझ्या फ्लॅनेलच्या चिंध्या, कोणाच्या तरी बागेतलं बी. गणपतीचं वाहन माझ्या वाहनात बाळंतपणाला आलं होतं. हिने तेव्हापासून तिच्या पैठणीच्या कपाटातल्या डांबरगोळ्या द्यायला सुरुवात केली. त्यामुळे एप्रिलमध्ये आत्याबाईंचं दार उघडलं की आजीची ट्रंक उघडते.

पथ्यं बारा महिने. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि त्याने जुन्या रबरी नळ्या सडतात, म्हणून बोटींसाठी विकतात ते बिनइथेनॉलचं पेट्रोल चौदा मैलांवरून आणायचं. (पुण्याचे मित्र म्हणतात, दहाच? आमच्याकडे वीस आहे, रडतोस काय.) तेल जस्त घातलेलं लागतं, नाहीतर टॅपेट झिजतात. मलाही डॉक्टरांनी झिंक सांगितलंय. तिच्या डब्यावरची तारीख मी न चुकता पाहतो.

आणि तिला वाटेल तेव्हा बाहेर पडायची मुभा नाही. मिशिगनमध्ये जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट घेतली की ती मेळावे, प्रदर्शनं, मिरवणुका अशा प्रसंगीच काढता येते. अपवाद एकाच महिन्याचा. ऑगस्टमध्ये कायद्याने पूर्ण मोकळीक, कुठंही जा, कितीही हिंडा. ऑगस्ट म्हणजे बहुतेक करून श्रावण. लान्सिंगला बसलेल्या आमदारांना मंगळागौर कोणी समजावून सांगितली कळत नाही, पण वर्षभर घरात बसलेल्या बाईने श्रावणात बाहेर पडावं हे त्यांनी बरोबर ओळखलं.

श्रावणातला मुख्य सोहळा वुडवर्ड अव्हेन्यूवर. 1909 मध्ये याच रस्त्याचा एक मैलाचा तुकडा काँक्रीटचा केला, तेव्हा लोक तो बघायला यायचे म्हणतात. 1995 मध्ये फर्नडेल गावात मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे उभे करायचे म्हणून जुन्या गाड्यांची फेरी काढली. ती आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी पार पाँटिॲकपर्यंत जाते आणि तिला लाखांनी माणसं लोटतात. मी बघताक्षणी ओळखलं, ही वारी आहे. पोचायची घाई कोणालाच नाही. दुतर्फा लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले, जो तो आपल्या दिंडीत: इथं फोर्डवाले, पुढे शेव्हरोलेवाले. दर फर्लांगाला एखादी दिंडी बॉनेट उघडून वाफ सोडत उभी. उन्हात पेट्रोलची नळी तापून आतल्या आत पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन अडतं, त्यावर इथले जुने वारकरी नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतात. उपयोग होतो की नाही यावर दोन पंथ आहेत. मी आठ चिमटे लावतो.

पहिल्या वर्षी बाबा पुण्याहून आले होते. त्यांना मुद्दाम वारी दाखवायची म्हणून आत्याबाईंना सजवलं. बाबांनी गाडीभोवती हात मागे बांधून एक प्रदक्षिणा घातली.

"ही लहान का?"

पावणेपाच मीटर लांबीची गाडी. पण अमेरिकेत तेव्हा हिची गणना खरोखरच लहान गाड्यांत व्हायची, आणि बाबांच्या डोळ्यांपुढे दुसरीच होती. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवल्या जाऊ लागल्या. एकाच गाडीची नाकातली चमकी बदलायची आणि नाव बदलायचं, जावांना एका ताग्यातली लुगडी घ्यावी तसं. त्यांतल्या कितीतरी मुंबईत टॅक्सी झाल्या. बाबा तेरा वर्षांचे असताना मामाच्या लग्नाला मुंबईला गेले होते आणि बोरीबंदरापासून गिरगावापर्यंत प्लिमथमध्ये बसले होते. एकूण नऊ माणसं, दोन ट्रंका आणि रुखवताचा एक किल्ला. "किल्ला मांडीवर नव्हता," बाबा म्हणाले, "किल्ल्याला स्वतंत्र जागा होती."

तरी ते पुढे बसले. सलग बाकासारखी सीट पाहून त्यांना बरं वाटलं असावं. ही मागे. बाबा असले की तिचं मला "अरे" म्हणणं "अहो" होतं, आणि बिघाड झाला की त्या "अहो"ला धार येते.

डावं मागचं चाक बसलं ते नेमकं फोर्डवाल्यांच्या तळासमोर. मी जॅक लावण्यापूर्वी नट सैल करायला घेतले. पाना लावला, डावीकडे जोर दिला. नट ढिम्म. पान्यावर उभा राहिलो. ढिम्म. खुर्च्यांतले दोन धिप्पाड गृहस्थ बिअर खाली ठेवून मदतीला आले. त्यांच्यातला एक ट्रकमधून चार फुटी पाइप घेऊन आला, तो पान्याच्या दांड्यावर चढवला, तिघांनी मिळून जोर केला. कट् असा आवाज झाला. माझ्या हातात पाना, पान्यात नट, आणि नटात बोल्टाचा अर्धा तुकडा. फोर्डवाल्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते फोर्ड नसल्याचं समाधानही होतं.

"अहो," ही म्हणाली.

बाबा इतका वेळ फुटपाथवर कोणाच्या तरी खुर्चीत बसून पाहत होते. ते उठले, जवळ आले, वाकले.

"तुझी सायकल होती ना, दहावीत? तिचं डावं पेडल काढताना कुणीकडे फिरवायचास?"

"उलटं. त्याला उलटे आटे असतात."

"का?"

"चालवताना आपोआप सुटू नये म्हणून."

"मग?" बाबा म्हणाले.

मी मोडका बोल्ट उजेडात धरला. त्याच्या टोकाला इंग्रजी एल कोरलेला होता, लेफ्टचा. क्रायस्लरने 1970 पर्यंत आपल्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे ठेवले होते, चाक पुढे फिरताना नट सैल पडू नयेत म्हणून. तुझं राजकारण नव्हतं रे बाबा, मी त्या दिवंगत कारागिराला मनात म्हणालो. डावं ते डावंच. दोनदा अधोरेखित.

"म्हणजे मगाचपासून तू ते आवळतो आहेस," बाबांनी निकाल दिला.

"तुम्हाला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुठं होतंस?"

उरलेले चार नट उजवीकडे फिरवले, लोण्यासारखे सुटले. फोर्डवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबांना बिअर देऊ केली, बाबांनी सरबत आहे का विचारलं. चार बोल्टांवर हळूहळू घरी आलो. वैद्याने नवा बोल्ट बसवला, आणि वहीत मी पहिली नोंद केली, त्याच पेन्सिलीने: डावं मागचं चाक, एक बोल्ट, बाबा.

बाबा आता शहाऐंशीचे आहेत. विमानप्रवास बंद झालाय. पण एप्रिलमध्ये आत्याबाई उठल्या की मी चाकं खाली घेतो, नट आवळतो, पन्नास मैल चालवून पुन्हा एकदा आवळतो, आणि रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येत, नातवंडं, पाऊस हे सगळं नंतर.

"डावीकडचे आवळलेस?"

"हो बाबा."

"कुणीकडे फिरवून?"

"डावीकडे."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"परत जाऊन बघ," बाबा म्हणतात, "आणि सूनबाईला फोन दे."